शिलावरण : वय व बळकटी

पृथ्वीचे कवच आणि त्याखालच्या प्रावरणाचा थंड, ताठ असा वरचा भाग यांना मिळून शिलावरण म्हणतात. वर भार पडल्यावर ते किती वाकते, यावरून त्याची बळकटी अजमावतात. ‘परिणामी स्थितिस्थापक जाडी’ हे तिचे रूढ माप होय. ही जाडी गणिताने काढलेली असून खडकांच्या कोणत्याही एका थराशी ती जुळत नाही. वाकण्याला होणारा विरोध तिच्या घनाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे जाडी दुप्पट झाल्यास विरोध आठपट होतो.

भारावरून बळकटी अजमावण्याची ही कल्पना जुनी आहे. भूवैज्ञानिक जोसेफ बॅरल यांनी 1914 पासून लिहिलेल्या लेखमालेत नाईल व नायजर नद्यांच्या त्रिभुज प्रदेशांचा भार कवच कसे पेलते, याचा विचार केला होता.

महासागरी शिलावरण : वय आणि बळकटी यांचा संबंध येथेच सर्वांत स्वच्छ दिसतो. मध्य-महासागरी कटकांपाशी शिलावरण नव्याने तयार होते, तेव्हा ते तापलेले व दुबळे असते. कटकापासून दूर सरकताना ते निवते आणि त्याची जाडी साधारणपणे वयाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ए. बी. वॉट्स यांनी 1978 मध्ये हवाई-एम्परर सागरी पर्वतरांगेवरील गुरुत्वीय विसंगतींवरून दाखवले की, स्थितिस्थापक जाडी सु. 300 ते 600° से. या पट्ट्यातील समतापपृष्ठाच्या खोलीशी जुळते. हवाई बेटांचा भार सु. 9 कोटी वर्षे वयाच्या तळावर पडला असून तेथे ही जाडी 30 किमी.च्या आसपास येते. एम्परर रांगेच्या उत्तर टोकाखालील तळ आज जुना असला, तरी पर्वत उभे राहिले तेव्हा तो कोवळा होता. तेथे जाडी बरीच कमी भरते. म्हणजे निर्णायक ठरते ते तळाचे आजचे वय नव्हे, तर भार पडला तेव्हाचे. पॅसिफिकमधील वाकणाचे हे पुरावे भूखंडांवरील कोणत्याही पुराव्यापेक्षा भरवशाचे मानायला हवेत. फ्रेंच पॉलिनीशिया भागात मात्र तळ वयाच्या मानाने दुबळा आढळतो.

भूखंडीय शिलावरण : येथे खडकांचे वय पुरेसे नसते. शेवटची तापण्याची घटना केव्हा घडली, कवच किती जाड आहे, पाणी किती मुरले आहे, यांवरही बळकटी अवलंबून असते. कवचातील क्वॉर्ट्झ तुलनेने कमी तापमानालाच वाहू लागतो. प्रावरणातील ऑलिविनाला अधिक उष्णता लागते. प्राचीन ढालक्षेत्रांखाली थंड व खोल मुळे असतात. पण पूर्व चीनमधील अशा क्षेत्राचे मूळ मध्यजीव महाकल्पात बरेचसे नष्ट झाले. ढालक्षेत्रांची स्थितिस्थापक जाडी काही अभ्यासक 100 किमी.हून अधिक धरतात, तर डॅन मॅकेन्झी व त्यांचे सहकारी ती 25 किमी.च्या आतच ठेवतात. हा फरक बऱ्याच अंशी गणनपद्धतीचा आहे.

दख्खन : सु. 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्ट थरांचे उतार सरकत्या भाराखाली शिलावरण वाकल्यामुळे आले, असे वॉट्स व के. जी. कॉक्स यांनी 1989 मध्ये मांडले. मात्र जुने शिलावरणही तुटू शकते : 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप या थरांखालच्या कँब्रियनपूर्व खडकांच्या प्रदेशात झाला.

इतर ग्रह : मंगळाच्या उत्तर ध्रुवीय बर्फटोपीखालचे शिलावरण तिच्या भाराने जवळजवळ वाकलेले नाही, म्हणजे ते फार बळकट असावे.