मत आहे, पण निवड आहे का?

आजचा प्रश्न साधा आहे. जिथे एकच पक्ष असतो, तिथे निवडणूक घेतातच कशाला?

आधी सोव्हिएत संघात जाऊ. १२ डिसेंबर १९३७. सर्वोच्च सोव्हिएतची निवडणूक. प्रत्येक प्रौढाला मत, तेही गुप्त. कागदावर सगळं चोख. पण मतपत्रिकेवर नाव एकच! पसंत नसेल तर खोडायचं. आणि खोडायला पडद्याआड गेलात, की सगळ्यांच्या नजरेत आलात. मतदान झालं ९६ टक्क्यांच्या वर. म्हणजे खरा निर्णय नाव ठरतानाच झालेला. मतदारानं फक्त हजेरी लावायची.

आता आपल्या परभणीत या. तेव्हा आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे एका पक्षाचं नाही, एका माणसाचं राज्य होतं. पण तंत्र बघा, ओळखीचं वाटेल.

१९३९ मध्ये निजामानं सुधारणा जाहीर केल्या. विधिमंडळात ८५ सदस्य, त्यातले निवडून येणार ४२. म्हणजे निम्म्यापेक्षा कमीच! बरं, मत गावाच्या नावानं नाही, तर जहागीरदार, व्यापारी, वकील, पदवीधर अशा गटांच्या नावानं. मग रोजंदारीवर राबणाऱ्या, शाळा न पाहिलेल्या बाईला यात जागा कुठे? आणि मंत्री विधिमंडळाला नाही, निजामाला जबाबदार.

शिवाय स्टेट काँग्रेसवर १९३८ पासूनच बंदी. ती उठली १९४६ मध्ये. त्याच वर्षी या नव्या विधिमंडळाची निवडणूक आली, आणि स्टेट काँग्रेसनं तिच्यावर बहिष्कार टाकला.

मला हा बहिष्कार महत्त्वाचा वाटतो. कारण अशा निवडणुकीत राज्यकर्त्याला तुमच्या मतापेक्षा तुमची हजेरी हवी असते. ‘लोक आले होते ना?’ एवढं जगाला सांगता आलं की त्याचं काम झालं. घरी बसणं हेच तिथे विरोधी मत ठरतं.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं. मग १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. वाचता न येणाऱ्यालाही मत देता यावं म्हणून. देशभर काँग्रेसची लाट होती. आणि परभणीनं लोकसभेत कुणाला पाठवलं? शेतकरी कामगार पक्षाच्या नारायणराव वाघमारेंना!

चार वर्षांपूर्वीपर्यंत ज्यांना राज्यकर्ता बदलायची सोयच नव्हती, त्यांनी पहिल्याच संधीला सगळ्यात मोठ्या पक्षाला नकार दिला. कुणी जिंकलं यापेक्षा मला हे मोठं वाटतं, की तो नकार मोजला गेला.

म्हणून कुठल्याही देशाच्या निवडणुकीची बातमी आली, की मतदानाचा टक्का नंतर बघा. आधी विचारा: उमेदवार कुणी ठरवले? आणि सत्तेवरचा हरू शकत होता का?

तुमच्या आजी-आजोबांना ५२ सालच्या पेट्या आठवत असतील, तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात.