'ळ' चे स्थान : मराठी अक्षरक्रम आणि मुक्तस्रोत आज्ञावली

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासात यंत्रे, कंपन्या व शोधकर्ते यांची नोंद विस्ताराने घेतली जाते. भाषेला यंत्रात स्थान मिळवून देणाऱ्या लहानसहान दुरुस्त्यांची नोंद मात्र क्वचितच होते. प्रस्तुत लेखात मराठीच्या संदर्भात अशा दुरुस्त्यांचा व त्या शक्य करणाऱ्या मुक्तस्रोत पद्धतीचा विचार केला आहे. डहाणू-तलासरी परिसरातील वारलीच्या दृष्टीनेही हा विचार अप्रस्तुत ठरू नये.

रिचर्ड स्टॉलमन यांनी 27 सप्टेंबर 1983 रोजी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावलीची मूळ संहिता वाचण्याचा, बदलण्याचा आणि बदललेली प्रत इतरांना देण्याचा अधिकार वापरणाऱ्यास असावा, ही त्यामागील भूमिका होती. या प्रकल्पातील 'ग्नू सी लायब्ररी' हा लिनक्सवर चालणाऱ्या बहुसंख्य सर्व्हरचा पायाभूत आज्ञावली-संग्रह होय. महिन्यांची नावे, दिनांकाची पद्धत, शब्दांचा क्रम ही प्रत्येक भाषेची माहिती त्यात 'लोकेल' नावाच्या स्वतंत्र फाइलमध्ये असते. मराठीचीही अशी फाइल आहे.

मराठीचे वेगळेपण

युनिकोडने देवनागरीची मांडणी घेतली ती 1988 च्या भारतीय इस्की संकेतप्रणालीवरून. तीत 'ळ' हे अक्षर 'ल' च्या लगत आहे. मराठी वर्णमालेत ते 'ह' नंतर येते. परिणामी केवळ संकेतांकांच्या आधारे शब्द लावल्यास 'काळा' हा शब्द 'कासव' च्या आधी येतो. ग्रंथालयाची तालिका असो वा विद्यार्थ्यांची नामावली, घोटाळा ठरलेलाच. हा दोष युनिकोडचा म्हणता येत नाही. संकेतांक म्हणजे वर्णक्रम नव्हे. तो ज्या त्या भाषेने सांगावयाचा असतो. युनिकोडच्या 'सीएलडीआर' या लोकेल-भांडारात मराठीसाठी 'ह' नंतर 'ळ', 'क्ष', 'ज्ञ' असा नियम आहे. नियम लहानसाच, पण तो कोणीतरी लिहून पाठवावा लागतो.

'ॲ' या अक्षराला स्वतंत्र संकेतांक मिळाला तो 2008 मध्ये, युनिकोडच्या 5.1 आवृत्तीत. 'ल' आणि 'श' यांचा प्रश्न वळणाचा होता. हिंदी वळणाचे फॉन्ट मराठी मजकुरासाठी सर्रास वापरले जात. राज्य शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने मराठी लिपीची रूपे निश्चित केली. रेड हॅटने 2004 मध्ये जीपीएल परवान्याखाली खुल्या केलेल्या 'लोहित' फॉन्टमालेत मराठीसाठी वेगळा फॉन्ट होता. 2011 मध्ये ही माला ओपन फॉन्ट परवान्याखाली आली. बंद फॉन्टमधील अक्षर खटकले तर वापरणाऱ्याला तक्रार करता येते; येथे ते स्वतः दुरुस्त करता येते, हा फरक मूलभूत आहे.

दुरुस्तीची वाट

संहितेची प्रत स्वतःच्या संगणकावर घ्यावी, तीवरून संपूर्ण संग्रह बांधावा, चाचण्या चालवाव्यात, मगच बदल करावा आणि त्याचे कारण लिहून तो संग्रहाची देखभाल करणाऱ्यांकडे पाठवावा, असा हा क्रम आहे. आक्षेप येतात, पुरावा मागितला जातो; येथे वर्णमालेचे पुस्तक प्रोग्रामिंगच्या पुस्तकाइतकेच उपयोगी पडते. ग्नू सी लायब्ररीत मोठे योगदान स्वीकारण्यापूर्वी त्याचा स्वामित्वहक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे सोपवावा लागे. ही सक्ती 2021 मध्ये शिथिल झाली. लोकेल-माहितीवर मात्र फाउंडेशन हक्क सांगत नाही. शोधनिबंधांची संख्या मोजणाऱ्या आपल्या व्यवस्थेत अशा योगदानाची गणना कोठे करावी, हे अद्याप कोणी ठरविलेले दिसत नाही.

या संग्रहात संताळी व भोजपुरीच्या लोकेल फाइली आहेत. कैनाडसारख्या गावांच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या वारलीला आयएसओ 639-3 या आंतरराष्ट्रीय सूचीत स्वतंत्र भाषासंकेत आहे. लोकेल फाइलच्या नावासाठी असाच संकेत लागतो. त्यापुढील काम संगणकतज्ज्ञापेक्षा भाषा जाणणाऱ्याचे अधिक आहे. वारांना व महिन्यांना वारलीत काय म्हणतात, मराठीहून वेगळे उच्चार देवनागरीत कसे लिहावेत, या प्रश्नांची उत्तरे पाड्यांवर जाऊनच मिळवावी लागतील.