उसने हातमोजे

मुंबईत मस्जिद स्टेशनावर उतरून नागदेवी स्ट्रीटकडे वळलं, की थोड्याच अंतरावर हातमोजे दिसायला लागतात. दुकानांच्या दारांवर, खिळ्यांना, डझना-डझनाच्या गठ्ठ्यांनी टांगलेले. राखाडी चामड्याचे, कोपराकडे चढत जाणारे वेल्डिंगचे. काळ्या रबराचे, ॲसिड हाताळायचे. आणि सगळ्यात स्वस्त ते पांढऱ्या सुती विणीचे, तळव्यावर पीव्हीसीचे बारीक ठिपके उमटवलेले. यांना बाजारात सरळ ‘डॉटेड’ म्हणतात. इथली बोली डझनाची. एकच जोडी मागणारा माणूस कारखान्याचा खरेदीवाला नव्हे, एवढं गल्ल्यावरच्याला लगेच कळतं.

तो एक-जोडीवाला कधी सुतार असतो, कधी बागकामाचा हौशी, आणि अधूनमधून डोंबिवली किंवा कल्याणहून आलेला मोटरसायकलवेडा. त्याला चकचकीत रेसिंगचे मोजे नको असतात. रविवारी मुरबाडच्या बाजूला कुठल्यातरी माळावर, दगडांतून आणि ओढ्यातून गाडी चालत्या माणसाच्या वेगाने काढायची असते, आणि त्यासाठी हातात काहीतरी पातळ, घट्ट आणि फाटलं तरी जीव हळहळणार नाही असं हवं असतं. ठाणे-कल्याण पट्ट्यात दुचाकीवाल्यांच्या हातमोज्यांचा इतिहास लिहायचा, तर तो बराचसा अशा उसन्या मोज्यांचाच लिहावा लागेल.

आपल्याकडे मुळात शब्दच उसना आहे. ‘मोजा’ फारसीतून आला आणि तो पायाचा. हाताच्या मोज्याला फारसीत ‘दस्ताना’ हा वेगळा शब्द आहे, हिंदीने तो उचललाही. मराठीने मात्र पायातला मोजा काढून हातात घातला आणि त्याला ‘हातमोजा’ म्हटलं. हाताला चिलखत हवं, ही कल्पना काही आपल्याला नवी नव्हती. दांडपट्ट्याची मूठ पाहा: अख्खा पंजा आणि मनगटाचा वरचा भाग पोलादी खोबळ्यात झाकलेला, मूठ आत आडवी. हात सुरक्षित राहतो, पण मनगट अडकतं. मग पट्टा फिरतो तो मनगटाने नव्हे, खांद्या-कोपराच्या जोरावर. संरक्षण वाढवलं की हालचाल कमी होते, हा व्यवहार शस्त्रं घडवणाऱ्यांना पुरेपूर ठाऊक होता. मोटरसायकलचा हातमोजा निवडणाराही शेवटी हाच हिशेब करत असतो.

ठाण्यात हातमोजा रोजच्या वापरात आला तो कारखान्यांबरोबर. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, आणि त्याच्या कामाची सुरुवात ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून झाली. पुढे अंबरनाथ आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहन्याला नॅशनल रेयॉन, डोंबिवलीत रंग-रसायनांचे कारखाने, कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर ऑटोमोबाइल्स. कुठे वेल्डिंग, कुठे पत्र्याचं कटिंग, कुठे ॲसिडचे पिंप. ‘सेफ्टी’ हा शब्द इथल्या घराघरांत पोचला: सेफ्टी शूज, सेफ्टी गॉगल, सेफ्टी ग्लोव्हज. १९७३ मध्ये भारतीय मानक संस्थेने चामड्याच्या आणि सुती औद्योगिक हातमोज्यांसाठी आयएस ६९९४ हे मानकही काढलं. मोटरसायकलच्या मोज्यांच्या वाट्याला सक्ती कधीच आली नाही. १९८८ च्या मोटर वाहन कायद्याचं १२९ वं कलम डोक्यावर हेल्मेट घालायला लावतं, हातांबद्दल अवाक्षर काढत नाही.

कारखान्यातला तो चामड्याचा मोजा स्वस्त का, हे हातात घेऊन उलगडून पाहण्यासारखं आहे. जनावराचं कातडं जाड असतं, म्हणून ते यंत्रावर आडवं चिरून दोन थर करतात. वरचा, केसांच्या बाजूचा गुळगुळीत थर बुटांना आणि पिशव्यांना जातो. खालचा उरतो तो ‘स्प्लिट’. दोन्ही बाजूंनी लवदार, दिसायला सामान्य, पण क्रोमने कमावलेला असला तर ठिणग्या आणि उष्णता बऱ्यापैकी सोसणारा. वेल्डरचे मोजे बहुतेक याच उरलेल्या थराचे. देशात या मोज्यांचा धंदा एकवटला तो कोलकात्यात. धारावीत १८८७ च्या सुमारास टॅनरी आली आणि तिथे चामड्याचा मोठा बाजार उभा राहिला खरा, पण त्याचं नाव झालं ते पिशव्या, पाकिटं आणि जॅकेटांसाठी.

वेल्डरचा मोजा घालून मोटरसायकल चालवून पाहिलेल्याला त्याचा दोष पहिल्याच वळणावर कळतो. क्लचच्या लिव्हरवर बोट आहे की नाही, हेच समजत नाही. तळव्याला दुहेरी चामड्याची घडी पडते आणि अर्ध्या तासात तिथे फोड येतो. आणि एकदा का तो जुलैच्या पावसात भिजून वाळला, की पापडासारखा कडक होतो. ठाणे जिल्ह्याच्या पावसात चामडं टिकवणं हा स्वतंत्र उद्योग आहे. चार दिवस कपाटात राहिलं की हिरवट बुरशी धरतं.

ज्या खेळासाठी पातळ मोजा लागतो, तो जन्मला दूर, ब्रिटनच्या चिखलात. स्कॉटलंडमधल्या सहा दिवसांच्या ट्रायल्सची परंपरा १९०९ पर्यंत मागे जाते, यॉर्कशायरची स्कॉट ट्रायल १९१४ ची. ट्रायल्समध्ये वेगाला किंमत नाही. दगड, ओंडके, ओढे यांतून आखलेल्या तुकड्यातून जमिनीला पाय न टेकवता गाडी काढायची. पाय टेकला की गुण गेला, गाडी अडली की पाच गेले. स्वार पेगांवर उभा, एक बोट क्लचवर, एक ब्रेकवर, आणि सगळं कसब त्या दोन बोटांत. पडणंही सावकाश असतं. म्हणून बोटांच्या पेरांवर प्लास्टिकची ढाल असलेला रस्त्यावरचा मोजा इथे ओझंच ठरतो. हवी असते ती पकड, हँडलची जाणीव आणि फोडांपासून सुटका. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश लष्कराची उरलेली सामग्री स्वस्तात बाजारात आली आणि मोटरसायकलवरून निरोप पोचवणाऱ्या डिस्पॅच रायडरांचे कोट-मोजे नागरी दुचाकीवाल्यांच्या अंगावर चढले. उसनवारी तिथेही होतीच.

गंमत अशी, की या खेळाचा एक धागा आपल्या रस्त्यांवर रोज धडधडत जातो. १९४८ मध्ये रॉयल एनफील्डची नवी बुलेट जगापुढे आली तीच कोल्मोर कप ट्रायलमध्ये, मागच्या चाकाला त्या काळी नवलाचं वाटणारं स्प्रिंगचं सस्पेन्शन लावून. जॉनी ब्रिटनने एनफील्डवर स्कॉटिश सिक्स डेज १९५२ आणि १९५७ साली जिंकली. हीच बुलेट १९५५ पासून मद्रासला जोडली जाऊ लागली, आणि इथे येताच आपलं माहेर विसरली. लष्कर, पोलीस, गावचा पाटील आणि लग्नातला नवरदेव हे तिचे नवे सोबती. २०१९ मध्ये कंपनीने जुन्या आठवणीखातर बुलेट ट्रायल्स ३५० आणि ५०० काढल्या; किमती सुमारे १ लाख ६२ हजार आणि २ लाख ७ हजार. गाड्या देखण्या होत्या, पण फार टिकल्या नाहीत. त्याच वर्षी लाखाच्या आत आलेल्या हीरो एक्सपल्स २०० ने मात्र मध्यमवर्गी पोरांना खरोखर माळावर नेलं.

ठाणे-डोंबिवलीत हातमोज्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तरी मोटरसायकलवाला कधी होता? शेजारच्या भांडुपमध्ये ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने पन्नासच्या दशकापासून लॅम्ब्रेटा बनवल्या. त्या चालवणारे बाबू उघड्या हातांनीच गेले. मोजा लोकप्रिय केला तो बायकांनी. कायनेटिक होंडा, मग स्कूटी, मग २००१ नंतर ॲक्टिव्हा. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल आणि दंडापर्यंत चढणारे सुती हातमोजे, हा वेश ठाण्याच्या गोखले रोडवर आणि डोंबिवलीच्या फडके रोडवर कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, इतका तो नेहमीचा झालाय. चिंता अपघाताची नसते, उन्हाची असते. पडल्यावर हा पातळ होजिअरीचा कपडा क्षणात फाटतो. पण रोज, न कंटाळता हातात चढणारा दुचाकीचा मोजा कोणता, असं विचारलं तर उत्तर हेच. महागाचा मोजा डिकीत पडून राहतो, हाही अनुभव सार्वत्रिक आहे.

आणि मग उल्हासनगर. कल्याणजवळची महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी भरलेली, १९४९ मध्ये उल्हासनगर या नावाने नव्याने वसली. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद तेव्हापासून इतका घासला गेलाय की तो आता ऐतिहासिक वस्तूच मानावा. गजानन मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत कपड्यांपासून पट्ट्यांपर्यंत सगळ्याची स्वस्त आवृत्ती मिळते. या धर्तीच्या बाजारांत पेरांवर कडक प्लास्टिक चिकटवलेले, मनगटावर परदेशी रेसिंगचा आव आणणारे मोजे तीन-चारशे रुपयांत आले, आणि कॉलेजातल्या पोरांनी ते उचलले. प्लास्टिकच्या ढालीकडे पाहून मोजा घेणाऱ्याने आत बोट घालून शिवण चाचपावी. शिवण बोटाच्या टोकाला आतून टोचत असेल, तर ती पहिल्या घाटातच नखाखाली रुतते.

२०१० नंतर चित्र पालटलं. रायनॉक्स, क्रॅम्स्टर अशा देशी कंपन्यांनी आपल्या हवेला आणि खिशाला झेपेल असं साहित्य काढलं. युरोपचं ईएन १३५९४ हे मोटरसायकलच्या मोज्यांचं मानक २०१५ मध्ये सुधारून नव्याने आलं, आणि त्याचे आकडे इथल्या दुकानांतही ऐकू येऊ लागले. रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्याने त्या आकड्यांकडे जरूर पाहावं. तिथे तळव्याखालून डांबर सरकतं आणि सुती वीण पळभर टिकत नाही. माळावरच्या खेळाचा हिशेब मात्र निराळा.

तिथे डझनातल्या एकाच जोडीची युक्ती अजून चालते. मोजा एक नंबर लहान घ्यायचा, कारण सुती वीण भिजली की सैल पडते. मूठ वळून तळव्याला चुणी पडते का ते पाहायचं. ठिपके फक्त तळव्यावर न राहता पहिल्या दोन बोटांच्या टोकांपर्यंत आलेले असावेत, लिव्हर तिथेच असते. ज्याला ठिपके नकोत, त्याने पॉलियुरेथेनचा पातळ लेप दिलेले, इलेक्ट्रॉनिक जुळणीच्या कामाला वापरतात ते मोजे घ्यावेत. कोरड्यात त्यांना तोड नाही, चिखलात मात्र घसरतात. दोन्हींची किंमत वडापाव आणि कटिंग चहाच्या हिशेबातली, त्यामुळे दोन्ही जोड्या पिशवीत ठेवणं परवडतं.

पावसाळ्यातल्या सोमवारी डोंबिवलीच्या एखाद्या चाळीच्या गॅलरीत ते वाळत घातलेले दिसतात. लाल मातीने तांबूस झालेले, चिमट्याला उलटे लटकवलेले, शेजारी शाळेचा युनिफॉर्म. हवेतली ओल इतकी, की बुधवारपर्यंत बोटांची टोकं दमटच राहतात. मग कुणीतरी ते फ्रीजच्या मागच्या गरम जाळीवर नेऊन टाकतं.