वेताळ कोण? गुंजी स्टेशनच्या बाकावरचा वाद



मागच्या आठवड्यात नातवाच्या मित्रांची आमच्या हॉलमध्ये जोरात जुंपली होती. बॅटमॅन भारी की आयर्न मॅन? एक म्हणाला, बॅटमॅनकडे शक्ती कसली, नुसता पैसा आहे. दुसरा म्हणाला, मग आयर्न मॅनकडे तरी काय आहे? मी पेपर वाचत होतो, पण कान तिकडेच. मनात म्हटलं, पोरांनो, हा वाद आम्ही गुंजीच्या स्टेशनवर साठ वर्षांपूर्वी करून बसलोय. त्यात मी एक मित्र गमावला होता. आज तेच लिहितो.

आमचं गाव गुंजी, खानापूर आणि लोंढ्याच्या मध्ये. माऊलीचं देऊळ, भाताची शेतं, सभोवार रान आणि मीटरगेजचं छोटं स्टेशन. पावसाळ्यात चार महिने बाहेरचं जग म्हणजे ती रेल्वेच. लोंढ्याहून येणाऱ्या गाडीतून धाकटे काका उतरले, की आम्ही आधी त्यांच्या पिशवीत हात घालायचो. भाजीच्या खाली 'इंद्रजाल कॉमिक्स' असायचं.

इंद्रजाल कॉमिक्स मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये सुरू केलं. सुरुवातीला महिन्याला एक अंक, किंमत साठ पैसे. साठ पैसे त्या वेळी थोडे नव्हते, म्हणून एक अंक सात-आठ घरं फिरायचा आणि शेवटी मुखपृष्ठाविना परत यायचा. पुढे तो पंधरवड्याला आणि नंतर दर आठवड्याला निघू लागला. इंग्रजी, हिंदी, मराठी आणि आणखीही भाषांत तो यायचा. 'अमर चित्र कथा'मुळे पुढे घराघरांत पोचलेले अनंत पै सुरुवातीला याच इंद्रजालच्या कामात होते. ते मूळचे कारकळचे, म्हणजे आपल्याच कर्नाटकातले.

सुरुवातीचे सगळे अंक एकाच नायकाचे होते. इंग्रजीत त्याचं नाव 'फँटम'. अमेरिकेतल्या ली फॉक या लेखकाने त्याला १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत आणलं. लक्षात घ्या, सुपरमॅन आला १९३८ मध्ये आणि बॅटमॅन १९३९ मध्ये. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि डोळ्यांवर मुखवटा हा थाट फँटमचा आधीचा. आपल्याकडे इंग्रजी वाचणाऱ्यांना तो चाळीसच्या दशकातच 'इलस्ट्रेटेड वीकली'मधून माहीत झाला होता. आमच्यासारख्यांना मात्र तो मराठीतून भेटला, आणि मराठीत त्याचं नाव ठेवलं होतं 'वेताळ'.

सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

कारण वेताळ आम्हाला आधीच माहीत होता. 'चांदोबा'त दर महिन्याला विक्रम राजा झाडावरचं प्रेत खांद्यावर टाकून निघायचा आणि प्रेतातला वेताळ त्याला गोष्ट सांगून कोड्यात पाडायचा. त्याहून जवळचा वेताळ म्हणजे कोकण-गोव्याचा राखणदार. आमच्या आजीचं माहेर गोव्याकडचं. तिकडे त्याला बेताळ म्हणतात. तो रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक नव्या वहाणा वाहतात. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला आजही भल्यामोठ्या चामडी चपला आणि केळीचे घड वाहतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल.

आजीने अंकाचं मुखपृष्ठ पाहिलं आणि सवयीने हात जोडले. मग चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाली, "ह्यो कसला रे बेताळ? पायांत वहाणा न्हाईत, बूट हाईत. आणि चड्डी वरनं घातलीया!"

आम्ही हसून लोळलो. पण म्हातारीने बरोबर जागी बोट ठेवलं होतं. हा वेताळ देव, भूत की माणूस?

गोष्टीतला जंगलातला लोकसमज असा, की वेताळ अमर आहे, चालतंबोलतं भूत आहे. खरी गोष्ट वाचकाला सांगितलेली असते. १५३६ साली चाच्यांनी एका जहाजावर हल्ला केला, त्यातून एकच तरुण वाचला. वडिलांच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली, की मी आणि माझे वंशज अन्यायाविरुद्ध लढू. बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, म्हणून लोकांना वाटतं माणूस एकच आहे. आपण वाचतो तो एकविसावा. उजव्या हातात कवटीची अंगठी, ती दुष्टाच्या जबड्यावर कायमची उमटते. डाव्या हातात संरक्षणाचं शुभचिन्ह. हीरो नावाचा घोडा, डेव्हिल नावाचा लांडगा आणि कवटीची गुहा. शहरात गेला की तो 'मिस्टर वॉकर', अंगात ओव्हरकोट आणि डोळ्यांवर काळा चष्मा. मुखवट्यामागचा चेहरा वाचकाला कधीच दाखवत नाहीत.

स्टेशनच्या बाकावर यावर रोज संध्याकाळी बैठक बसायची. एक गट मँड्रेकचा. जादूगार मँड्रेक हाही ली फॉक यांचाच, १९३४ सालचा. तो हात हलवून समोरच्याला भलतंच काही दाखवतो. मँड्रेकवाल्यांचं म्हणणं, बंदुकीचा साप करणाऱ्यापुढे तुमचा वेताळ काय करील? वेताळवाल्यांचं उत्तर, ती नजरबंदी हाय रे, खरी ताकद न्हवं. आणि मारामारीची वेळ आली की मँड्रेक लोथारला पुढं करतोय! माझं मत तेव्हा होतं तेच आजही आहे. वेताळाला उडता येत नाही, त्याला गोळी लागते, रक्त येतं. तरी तो जातो, म्हणून तो मोठा. सुपरमॅनला गोळी लागतच नाही, मग त्याच्या धैर्याची किंमत काय लावायची?

आमच्या शाळेतले एक मास्तर गाडीची वाट बघत हे ऐकत बसायचे. एकदा म्हणाले, "गणित करा. १५३६ ते १९६६, वर्षं किती?" चारशे तीस. "पिढ्या?" एकवीस. भागाकार केला तर एकेकाच्या वाट्याला साधारण साडेवीस वर्षं. तेवढ्यात लढायचं, लग्न करायचं, मुलगा वाढवायचा आणि मरायचं. "जमतंय," मास्तर म्हणाले, "पण एकवीस पिढ्यांत एकालाही नुसत्या मुलीच झाल्या न्हाईत, हे काय मला पटत न्हाई." बाकावर शांतता पसरली. याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. पुढे मी वाणिज्य शाखेला गेलो, त्याची सुरुवात मी त्या भागाकारापासून धरतो.

त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला मोठी माणसं बसायची. त्यांचा वाद वेगळा. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला भाग म्हैसूर राज्यात गेला होता. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला आणि १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. आपण कोण, कुठले, हा प्रश्न घराघरांत होता. आम्हाला वाटायचं ते त्यांचं राजकारण, आपला काय संबंध? पण घरात रोज जे बोललं जातं ते पोरांच्या तोंडात उतरतंच.

माझा जिवलग मित्र रेल्वेतल्या एका कर्मचाऱ्याचा मुलगा, घरची भाषा कानडी. त्याचे वडील त्याला इंग्रजी अंक आणून द्यायचे, माझ्याकडे मराठी. एकाच गोष्टीचे दोन अंक मिळाले की आम्ही ते शेजारी-शेजारी ठेवायचो. चित्रं तीच, फुगे वेगळे. त्यावरून मी इंग्रजी शिकलो आणि तो मराठी. बँकेच्या परीक्षेत माझं इंग्रजी निभावलं ते कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकामुळे नाही, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

एका संध्याकाळी तो म्हणाला, "फँटम माणूस आहे. वेताळ हे नावच चुकीचं आहे. वेताळ म्हणजे भूत." मी अडून बसलो, की वेताळ म्हणजे राखणदार, नाव अगदी बरोबर आहे. आवाज चढले. पोरं दोन्ही बाजूंनी चिथावत होती. माझ्याकडचे मुद्दे संपले आणि मी बोलून गेलो, "तू कानडी, तुला वेताळातलं काय कळतंय?"

त्याने आपला अंक उचलला आणि घरी गेला. पुन्हा त्या बाकावर आला नाही. काही महिन्यांत वडिलांची बदली झाली, आणि निरोप घ्यायचंही राहून गेलं.

पुढे कळलं, की कानडीतही तो बेताळच आहे. माझी आजी म्हणायची तोच शब्द. 'चांदोबा'चा मूळ 'चंदामामा' १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये निघाला, नंतर कन्नडमध्ये आणि मराठीतही आला. म्हणजे खांद्यावर प्रेत घेतलेला तोच विक्रम माझा मित्र त्याच्या घरी कानडीत वाचत असणार. इतकंच काय, जी 'अमर चित्र कथा' आपण आपली म्हणून मुलांना दिली, तिची पहिली दहा पुस्तकं बेंगळूरला कन्नडमध्ये निघालेल्या परदेशी परीकथा होत्या. म्हणून 'कृष्ण'चा क्रमांक अकरा आहे. ज्याच्यावर मी मालकी सांगत होतो ते आधीपासून दोघांचं होतं.

खुद्द फँटमची ओळख तरी कुठे एकसारखी आहे? पहिल्या गोष्टीत जिमी वेल्स नावाचा श्रीमंत तरुणच फँटम निघणार, असा ली फॉक यांचा बेत होता, तो त्यांनी मध्येच सोडला. पोशाख अमेरिकेत जांभळा, स्वीडनमध्ये निळा आणि इटलीत लाल. त्याच्या देशाचं नाव बंगालशी फार जुळत होतं, म्हणून इंद्रजालने ते बदलून 'डेंकाली' केलं. जो तो त्याला आपापल्या घरचे कपडे घालत होता. आम्ही त्याला नाव दिलं, एवढंच.

मोठेपणी एक गोष्ट खटकलीच. एक गोरा माणूस गुहेत बसून चारशे वर्षं काळ्या लोकांचा न्याय करतो, आणि जंगलातले सगळे त्याला मानतात. आमच्यासाठी समुद्रावरून येणारे चाचे म्हणजे पोर्तुगीज. कॅसलरॉकच्या पलीकडे १९६१ पर्यंत त्यांचंच राज्य होतं. पण वेताळही त्याच समुद्रातून आलेला आहे, हे आमच्यापैकी एकालाही तेव्हा सुचलं नाही.

त्यावरचं उत्तर इंद्रजालनेच १९७६ मध्ये दिलं. आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी काढलेला 'बहादूर'. अंगात भगवा कुडता आणि जीन्स, मुखवटा नाही. हा डाकूचा मुलगा. बापाला मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचा सूड घ्यायला निघतो, आणि बाप खरा काय होता हे कळल्यावर गावकऱ्यांचंच सुरक्षा दल उभं करतो. त्याचं नाव-गाव सगळ्यांना माहीत. तोवर मी बँकेत लागलो होतो, तरी अंक घ्यायचो आणि फाइलीखाली ठेवायचो. वेताळाचं डायनाशी लग्नही त्याच सुमारास, मूळ मालिकेत १९७७ मध्ये लागलं. पहिल्या भेटीपासून एक्केचाळीस वर्षांनी! १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं. ली फॉक १९९९ मध्ये गेले.

काही वर्षांपूर्वी हुबळीला एका लग्नात तो मित्र भेटला. केस पांढरे, पण हसणं तेच. स्वच्छ मराठीत बोलत होता. जेवणानंतर मी म्हटलं, त्या दिवशी मी जे बोललो त्याची आजही लाज वाटते. तो म्हणाला, "कुठला दिवस? मला काय आठवत न्हाई बघ." आणि लगेच मुलाबाळांची चौकशी करू लागला. माझं आयुष्य सह्या पडताळण्यात गेलंय. त्याला सगळं आठवत होतं, हे मला कळलं. आणि मला कळलंय हे त्यालाही कळलं असावं.

निघताना गाडीच्या काचेतून म्हणाला, "पण एक सांगतो. फँटम माणूसच होता."

मी म्हटलं, "मान्य."

नातवाच्या मित्रांना मी एवढंच सांगितलं, की बॅटमॅनवरून हवं तेवढं भांडा, पण समोरच्याच्या घरावर जाऊ नका. त्यांनी माना डोलावल्या आणि पुन्हा भांडायला लागले.

मंडळी, तुमच्यापैकी कुणाकडे मराठी इंद्रजालचे जुने अंक माळ्यावर असतील तर रद्दीत घालू नका. मला कळवा, मी न्यायला येतो. आणि तुमच्या गावात वेताळवाले जास्त होते की मँड्रेकवाले, तेही जरूर लिहा.