कथेंतील माणूस घडतो तेव्हां

कादंबरींतील माणसें कल्पित असतात हें वाचकाला पक्कें ठाऊक असतें. तरीहि त्यांपैकीं एखादा पुढें सुधारतो कीं बिघडतो, याची काळजी त्याला लागून राहते. ही काळजी उत्पन्न कोठून होते, याचा शोध मराठवाड्यांत राहूनहि घेतां येतो.

नामदेवांची कथा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. परंपरा सांगते कीं, विठ्ठलाशीं साक्षात् बोलणाऱ्या या भक्ताला गोरोबाकाकांनीं संतमेळ्यांत थापटण्यानें पारखलें आणि हें मडकें अद्याप कच्चें आहे असा निवाडा दिला. दुखावलेले नामदेव अखेर औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांच्या पायांशीं गेले. कीर्तनांत ही कथा आजहि रंगते, ती केवळ नामदेव थोर होते म्हणून नव्हे. आरंभापासूनच पक्क्या असलेल्या मडक्याची कथा कोण ऐकणार? त्यांना अहंकार सोडावा लागला, आणि तो सोडणें किती अवघड असतें हें प्रत्येक श्रोता जाणतो.

छापील मराठी कादंबरीला हें मर्म सांपडण्यास कांहीं काळ लागला. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालीं निघाली. तींत संकटांना तोटा नाहीं. परंतु तीं बाहेरून येतात आणि बाहेरच्या बाहेर टळतात. वाचकाची उत्कंठा वाढते, अंतःकरण मात्र गुंतत नाहीं. पुढें हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रांतून क्रमशः येऊं लागली. तिच्यांतील यमू बालपणापासूनची आपली हकीगत स्वतःच सांगते. अल्लड मुलगी, शिकूं लागलेली पत्नी आणि मग विधवा, अशी ती आपल्या डोळ्यांदेखत जाणती होते. तिची समज वाढते, त्याच वेळीं रूढि तिचें स्वातंत्र्य हिरावून घेते. वाढ म्हणजे सुख नव्हे, हें येथें वाचकाला प्रथमच इतक्या तीव्रतेनें जाणवलें असावें.

लातूर जिल्ह्यांतील काटगांवीं जन्मलेले रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' १९७१ सालची. खेड्यांतील एका शिंप्याच्या घराची वाताहत त्या घरची गृहिणीच आपल्या बोलींत सांगते. काळ पुढें सरकला आणि माणसाला त्याची चाल साधली नाहीं तर काय होतें, हा तिचा विषय. येथें पडझडहि वाढीइतकीच जिवाला लागते.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजांत अध्यापन करणारे नरहर कुरुंदकर यांनीं रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला, म्हणजे १९६८ च्या कादंबरीला, पत्ररूप दीर्घ प्रस्तावना लिहिली. तींत शिवाजी महाराजांच्या व्यक्तिमत्त्वाचा वेध त्यांनीं इतिहासाच्या आधारें घेतला. अवतार मानलेला पुरुष घडत नाहीं, तो केवळ प्रकट होतो. त्याला नमस्कार करतां येतो, त्याच्यापासून शिकतां मात्र येत नाहीं. निर्णय घेत घेत घडणाऱ्या पुरुषाकडूनच कांहीं घेतां येतें.

मनुष्य जन्मतो तसाच अखेरपर्यंत राहतो काय? जातीनें आणि रूढीनें आपल्या समाजांत या प्रश्नाचें उत्तर फार पूर्वींच देऊन टाकलें होतें. कथेनें तो पुन्हां उघडा केला. यमूची चिंता वाहणारा वाचक वस्तुतः स्वतःविषयींच विचारीत असतो, कीं माझें उद्यांचें रूप अजून ठरावयाचें आहे ना?