शबाकाची शिळा व ‘जीर्ण प्रती’चा प्रश्न

लंडन येथील ब्रिटिश म्यूझियममध्यें ४९८ क्रमांकाची एक काळसर शिळा आहे. अर्ल स्पेन्सर यांनीं ती १८०५ सालीं त्या संस्थेस दिली. मध्यंतरीं कोणीं तरी तिचें जातें केलें असावें असा समज आहे. मधल्या चौकोनी भोंकामुळें व त्यापासून निघालेल्या चरांमुळें बराच मजकूर नष्ट झाला आहे.

लेख पंचविसाव्या राजवंशांतील कूशदेशीय राजा शबाका याचा, सुमारें इ. स. पू. ७०० चा. प्रारंभींच राजा सांगतो कीं, मेम्फिसच्या प्ताहमंदिरांत पूर्वजांची एक कृति कसरीनें खाल्लेली आढळली, ती अथपासून इतिपर्यंत लागेना, म्हणून आपण ती नव्यानें लिहविली. पोथ्या धुंडाळणारांस हें वाक्य ओळखीचें वाटेल.

आंतील मजकूर मोलाचा आहे. हेलिओपोलिसच्या पुरोहितांच्या मतें आद्य देव आतुम. त्यानें स्वतःच्या देहापासून शू व तेफ्नूत उत्पन्न केलीं. मेम्फिसकर हें नाकारीत नाहींत. ते आतुमालाच प्ताहाच्या पोटांत घालतात! प्ताहानें हृदयांत कल्पिलें, जिव्हेनें उच्चारिलें, आणि देव, नगरें, अन्न हीं अस्तित्वांत आलीं. प्ताह हा कारागिरांचा देव. ममीप्रमाणें गुंडाळलेला देह, हातीं जेद, अंख व वास या स्थैर्य, जीवन व सत्ता यांच्या चिन्हांचा दंड. अशा हस्तव्यवसायी देवानें केवळ वाणीनें सृष्टि करावी, हें विलक्षण होय.

लेखाचे उभे स्तंभ उलट क्रमानें आहेत, हें ब्रेस्टेडनें १९०१ सालीं दाखविलें. तोंपर्यंत वाचक शेवटाकडून आरंभाकडे जात होते.

खरा वाद काळाचा. राजाचा शब्द प्रमाण मानून झेटे यानें १९२८ सालीं मूळ ग्रंथ थेट पहिल्या राजवंशापर्यंत नेला. १९७३ सालीं युंगे यानें तो शबाकाच्याच काळचा ठरविला. भाषेंतील आर्ष रूपें मुद्दाम घडविलेलीं, असें त्याचें म्हणणें. आम्हांस हाच पक्ष बळकट वाटतो. त्या काळीं शिल्पांतहि प्राचीनांचें अनुकरण चाले, आणि दक्षिणेकडून आलेल्या राजास मेम्फिसच्या पुराणत्वाचा आधार हवाच होता. होरस व सेत यांच्या तंट्याचा भाग मात्र जुन्या सामग्रीवरून घेतलेला असणें अशक्य नाहीं. गेब प्रथम दोघांत राज्य वांटतो व मग सर्व होरसास देतो, ही कथा शबाकाहून फार जुनी आहे. कसरीनें खाल्लेली ती मूळ प्रत, असलीच तर, अद्याप हातीं आलेली नाहीं.