खपलेली नाणी आणि वितळलेली नाणी

रौप्यमहोत्सव म्हणजे चांदीचा उत्सव. त्यामुळे आपल्या युवक मंडळाने सोसायटीचं बोधचिन्ह असलेलं चांदीचं नाणं काढून ते सभासदांना विकावं आणि त्यातून अभ्यासिकेसाठी निधी उभा करावा, अशी कल्पना मांडली तेव्हा ती कुणालाच विचित्र वाटली नाही. सर्वसाधारण सभेत प्रश्न एकच निघाला, ‘आणि खपली नाहीत तर?’

प्रश्न रास्त आहे आणि तो जुना आहे. नाणं विकून सार्वजनिक कामाला, त्यातही मुलांच्या आणि तरुणांच्या संघटनांना पैसा मिळवून द्यायचा, हा उद्योग गेली सव्वाशेहून अधिक वर्षं चालू आहे. काही वेळा तो उत्तम जमला, काही वेळा सपशेल आपटला. स्मरणिकेच्या निमित्ताने ही गोष्ट सविस्तर सांगावी असं वाटलं.

सुरुवात घरापासून करू. नाण्यातून निधी म्हटलं की मराठी माणसाला आठवायला हवा तो पैसा फंड. अंताजी दामोदर काळे यांची ही कल्पना. प्रत्येकाने देशी उद्योगासाठी वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे होत, म्हणजे अगदी गरिबालाही झेपेल अशी वर्गणी. लोकमान्य टिळकांनी हा उपक्रम उचलून धरला आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पैसा फंडात लोक नाणं देत होते, विकत घेत नव्हते. हातात माल काही येत नव्हता, त्यामुळे न खपलेला मालही शिल्लक राहत नव्हता. नाणं विकायचं ठरवलं की हिशोब बदलतो, कारण आधी ते पाडावं लागतं आणि पाडायला पैसे लागतात.

नाणं विकण्याचा मोठा प्रयोग झाला अमेरिकेत. १८९३ साली शिकागोला कोलंबसच्या अमेरिका-आगमनाच्या ४०० वर्षांनिमित्त जागतिक प्रदर्शन भरलं. ज्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. प्रदर्शनाला पैसा कमी पडत होता. तेव्हा सरकारने कोलंबसचं चित्र असलेलं चांदीचं अर्ध्या डॉलरचं नाणं पाडून दिलं आणि प्रदर्शनवाल्यांनी ते एका डॉलरला विकायचं ठरवलं. दर्शनी किंमत अर्धा डॉलर, विक्री दुप्पट, वरचा पैसा प्रदर्शनाला. पहिल्या नाण्यासाठी रेमिंग्टन टाइपरायटर विकणाऱ्या कंपनीने तब्बल १०,००० डॉलर मोजले. केवढी जाहिरात झाली असेल!

पण त्या उत्साहात नाणी पाडली गेली सुमारे ५० लाख. एवढी घेणार कोण? जवळजवळ निम्मी परत टाकसाळीत जाऊन वितळली. उरलेल्यांपैकी पुष्कळशी साध्या अर्ध्या डॉलरच्या भावाने बाजारात फिरू लागली. म्हणजे ज्याने आठवण म्हणून डॉलर देऊन नाणं जपून ठेवलं, त्यालाच वाण्याच्या दुकानात तेच नाणं अर्ध्या किमतीत सुट्टे म्हणून परत मिळायची सोय झाली! माणूस एकदा असा फसला की दुसऱ्यांदा पाकीट उघडत नाही.

पुढे अशा नाण्यांचं पेवच फुटलं. कुठलं गाव, कुठलं राज्य, कुठला पूल, प्रत्येकाला आपलं नाणं हवं होतं. १९३० च्या दशकात हा प्रकार कळसाला पोहोचला. या वेळी चूक उलटी झाली. आधी जास्त पाडून हात पोळले होते, आता मुद्दाम कमी पाडायला लागले. डॅनियल बून या केंटकीच्या साहसवीराच्या नाण्याचा किस्सा संग्राहकांमध्ये आजही सांगतात. १९३५ साली त्याच नाण्यावर बारीकशी ‘१९३४’ ही अक्षरं घालून एक वेगळी तुकडी काढली, जेमतेम दोन हजार जोड्या. जाहिरात वाचून लोकांनी पैसे पाठवले तर उत्तर आलं, संपली. त्यानंतर ती बाजारात कितीतरी पट भावाने दिसू लागली. संग्राहक भडकले, तक्रारी झाल्या आणि अखेर १९३९ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने जुन्या परवानग्यांवर नाणी पाडत राहणं बंद केलं. १९५४ नंतर तर अशी नाणी थांबलीच. ती पुन्हा सुरू झाली १९८२ साली.

दुसऱ्या खेपेला नियम कडक झाले. १९९६ च्या कायद्याने वर्षाला दोनच स्मारक-नाणी ठरवली आणि एक महत्त्वाची अट घातली. प्रत्येक नाण्याच्या किमतीत संस्थेसाठी ठरावीक अधिभार असेल, पण टाकसाळीचा सगळा खर्च भरून निघाल्याशिवाय त्यातला एक डॉलरही संस्थेला मिळणार नाही. वाचताना ही अट साधी वाटते. तिचा खरा अर्थ कळला तो स्काउटांच्या नाण्यांत.

१९०७ साली इंग्लंडमध्ये ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांचं शिबिर घेतलं, तिथून स्काउट चळवळ सुरू झाली. १९१० मध्ये अमेरिकेत बॉय स्काउट्सची स्थापना झाली आणि १९१२ मध्ये ज्युलिएट गॉर्डन लो यांनी सव्हाना शहरात मुलींची संघटना काढली. दोन्ही संघटनांची शंभरी आली तेव्हा दोघींसाठीही चांदीचं डॉलर-नाणं काढायचा कायदा झाला. अटी जवळजवळ सारख्या होत्या. जास्तीत जास्त ३,५०,००० नाणी आणि प्रत्येकामागे १० डॉलर अधिभार. म्हणजे सगळी खपली तर संघटनेला ३५ लाख डॉलर.

बॉय स्काउट्सचं नाणं २०१० मध्ये आलं आणि काही महिन्यांत सगळं संपलं. ३५ लाख जमले. गर्ल स्काउट्सचं नाणं २०१३ मध्ये आलं. ते सव्वा लाखाच्या आसपासच खपलं. टाकसाळीचा खर्च भरून निघाला नाही आणि संघटनेला मिळाले शून्य डॉलर. आता त्या खरेदीदारांचा विचार करा. प्रत्येकाने नाण्यामागे १० डॉलर मुलींच्या संघटनेसाठी म्हणून दिले होते. त्यांची बेरीज बारा लाखांवर जाते. तो सगळा पैसा नाणी पाडण्याच्या खर्चात जिरला. कुणी लबाडी केली नव्हती, सगळं कायद्याप्रमाणे झालं होतं. तरीही ज्या कामासाठी लोकांनी पैसे दिले, त्या कामापर्यंत ते पोहोचले नाहीत.

असं का झालं? एक कारण तर उघड दिसतं. मधल्या तीन वर्षांत चांदीचा भाव दीडपटीहून जास्त चढला होता. बॉय स्काउट्सचं नाणं सुरुवातीला ४० डॉलरच्या आत मिळत होतं, गर्ल स्काउट्सचं ५० च्या वर गेलं. संघटनेच्या आजी-माजी सभासद लाखोंनी होत्या, पण सभासद असणं वेगळं आणि ५० डॉलरचं नाणं घेणं वेगळं. लाखो लोक ‘आपले’ आहेत म्हणून लाखो नाणी खपतील, हे गणित कागदावरच बरोबर येतं.

गंमत अशी की याच मुली विक्रीत कच्च्या मुळीच नाहीत. १९१७ मध्ये ओक्लाहोमातल्या मस्कोगी गावच्या एका तुकडीने शाळेच्या कॅन्टीनमध्ये घरी भाजलेली बिस्किटं विकली. तेव्हापासून गर्ल स्काउट्सची बिस्किटं अमेरिकेत घराघरात पोहोचली आहेत. दरवर्षी कोट्यवधी डबे खपतात. बिस्किटांना जे जमलं ते नाण्याला का जमलं नाही? बिस्किट संपतं, पुढच्या वर्षी माणूस पुन्हा घेतो. नाणं एकदा घेतलं की कपाटात जातं, दुसरं कोण घेणार? आणि दुसरी गोष्ट म्हणजे, बिस्किटांच्या विक्रीत मुली पूर्वीपासून आधी दारोदार जाऊन ऑर्डर लिहून घेत आणि मग डबे पोहोचवत. किती डबे लागणार हे आधी कळायचं.

स्काउटांच्या निधीची तिसरी तऱ्हा आपल्यापैकी अनेकांनी स्वतः अनुभवली आहे. १९४९ साली ब्रिटनमध्ये ‘बॉब-अ-जॉब’ सप्ताह सुरू झाला. बॉब म्हणजे शिलिंग. स्काउटाने शेजाऱ्यांचं छोटं-मोठं काम करायचं आणि त्याबद्दल एक शिलिंग घ्यायचा. आपल्याकडे शाळेत हीच ‘खरी कमाई’. गळ्यात स्कार्फ, हातात कार्ड, ‘काकू, काही काम आहे का?’ बूट पॉलिश, गाडी पुसणं, अंगण झाडणं, मग कार्डावर रक्कम आणि सही. इथे भांडवल शून्य, धोका शून्य. नाणं मुलाच्या हातात यायचं ते कामाच्या बदल्यात.

आता आपल्या नाण्याकडे येऊ. कायदा आधी सांगतो. भारतात नाणं पाडायचा अधिकार फक्त केंद्र सरकारला आहे आणि २०११ चा नाणे अधिनियम याबाबत स्पष्ट आहे. म्हणून आपण काढू ते खरं तर पदक किंवा स्मृतिमुद्रा. तिच्यावर ‘रुपये’ असा शब्द किंवा मूल्याचा आकडा नको, सिंहमुद्रा नको, चलनातल्या नाण्याशी साम्यही नको. बोधचिन्ह, सोसायटीचं नाव, वर्षं आणि चांदीची शुद्धता एवढं पुरे. सराफाकडे दिवाळीला मिळणाऱ्या लक्ष्मी-गणपतीच्या नाण्यांवरही मूल्य नसतं, ते याचमुळे.

हिशोब समजायला एक उदाहरण घेऊ. समजा, एका मुद्रेला चांदी, घडणावळ आणि जीएसटी धरून ८०० रुपये पडले आणि आपण ती १,००० ला विकली. १०० मुद्रा पाडल्या तर खर्च ८०,०००. म्हणजे पहिल्या ८० मुद्रा खपेपर्यंत अभ्यासिकेच्या खात्यात एक रुपयाही पडत नाही. ठशाचा खर्च वेगळाच, तो १० मुद्रा पाडा नाहीतर १,००० पाडा, तेवढाच. ६० खपल्या आणि ४० उरल्या तर चांदी मोडीत काढता येईल, पण घडणावळ गेली ती गेली. चांदीचा भाव पडला तर आणखी खड्डा. म्हणजे गर्ल स्काउट्सचीच गोष्ट, फक्त आकडे लहान.

यावर तोड आपल्या जवळच आहे. मुंबईत फोर्टमधली सरकारी टाकसाळ संग्राहकांसाठी स्मारक-नाण्यांचे संच विकते, तेव्हा बहुधा आधी ठरावीक मुदतीत बुकिंग घेते, पैसे भरून घेते आणि मग नाणी पाठवते. घाई नाही आणि उरलेल्या मालाची चिंताही कमी. मंडळाच्या मुलांनीही तेच करावं. नमुना एकच काढावा, तो घेऊन सगळ्या विंगमध्ये फिरावं, नावं आणि पैसे घ्यावेत आणि मुदत संपल्यावर जितकी नावं तितक्याच मुद्रा पाडाव्यात. बाहेरगावी, परदेशी गेलेल्या जुन्या सभासदांनाही विचारावं, त्यांना अशी आठवण जास्त प्यारी असते. सगळा हिशोब सूचना फलकावर लावावा. पावतीवर छापावं की यातले अमुक रुपये चांदीचे आणि अमुक अभ्यासिकेचे. घेणाऱ्याला तो हक्क आहे.

आणि सत्तर नावं आली तर सत्तरच पाडाव्यात. ‘थोड्या जास्त असू द्या, लागतील’ हे वाक्य शिकागोला ५० लाख नाण्यांपर्यंत घेऊन गेलं. ‘मुद्दाम कमी काढू, भाव येईल’ हे केंटकीला बदनामीपर्यंत घेऊन गेलं. नावं फारच कमी आली तर मुद्रेचा नाद सोडून रविवारी सकाळी खरी कमाई करावी. गाड्या धुवायला, माळे साफ करायला, आजी-आजोबांना मोबाइल शिकवायला या तीन विंगमध्ये काम भरपूर आहे. अभ्यासिकेच्या टेबलावर बसणाऱ्या पोराला त्याचं टेबल चांदीतून आलं की घामातून, याने काही फरक पडत नाही. टेबल आलं पाहिजे, एवढंच.